सिटी ऑफ हिरोज होमकमिंग: तिघांची टीम आहे, मी कोणता आर्किटाइप घेऊ?

मानेवाडा_मास्क

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. या उन्हात दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही म्हणून मी, माझी लहान बहीण आणि अमरावतीचा आत्तेभाऊ अशा तिघांनी होमकमिंगवर, म्हणजे चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर, सिटी ऑफ हिरोज हा सुपरहिरोंचा ऑनलाइन गेम सुरू केलं, फुकट आहे आणि बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर पण चालते, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यात तरी चालते. गेम तिघांनाही जाम आवडला आहे. बहीण तर कॉस्च्युम बनवायला बसली की जेवायला हाक मारली तरी उठत नाही.

प्रश्न क्लासचा आहे, म्हणजे या गेमच्या भाषेत आर्किटाइपचा. बहिणीनं स्क्रॅपर घेतला, ड्युअल ब्लेड्स आणि विलपॉवर, ती कोणाची वाट पाहत नाही, घोळका दिसला की सरळ आत. भाऊ टँकर आहे, इनव्हल्नरेबिलिटी आणि सुपर स्ट्रेंथ. मी ब्लास्टर घेतला, प्रायमरी (मुख्य) आणि सेकंडरी (दुय्यम) दोन्ही पॉवर सेट फायरचे, कारण जिथं तिथं वाचलं की डॅमेज पाहिजे तर ब्लास्टर घ्या. डॅमेज आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण खेळताना माझी नजर सारखी टीमच्या विंडोवर राहते, बहिणीची हिरवी पट्टी (हेल्थ) कुठपर्यंत आली, भावाची निळी पट्टी (एन्ड्युरन्स, म्हणजे पॉवर वापरायची ताकद) संपली काय, आणि संपली हे दिसूनही माझ्याजवळ त्यांच्यासाठी करायला काहीच नसते, मी बाजूला उभा राहून आगच फेकत राहतो. किंग्ज रो या भागात बहीण एका मोठ्या घोळक्यात पडली तेव्हापासून हे जास्तच जाणवून राहिलं.

तर डिफेंडर घ्यावा, कंट्रोलर घ्यावा की करप्टर? एम्पथी हा सपोर्टचा सेट घेतला की हीलर, म्हणजे दुसऱ्यांची हेल्थ भरणारा, होता येते असं वाचलं, तेच करू काय? आणि बहीण-भाऊ ऑनलाइन नसले तर असा कॅरेक्टर एकट्यानं खेळता येतो की नाही? अजून एक, आम्ही टॉर्चबेअरर सर्व्हरवर आहोत, कधी कधी बटण दाबल्यावर हल्ला जरा उशिरा होते, त्यासाठी काही करता येते काय?

---

बर्डी_ब्लास्टर

भाऊ, ब्लास्टर सोडायच्या आधी दोन गोष्टी माहीत असू दे, मग काय करायचं ते कर.

एक म्हणजे इन्स्पिरेशन टीममधल्या दुसऱ्याला देता येतात. ती छोटी छोटी रंगीत चिन्हं दिसतात नं ट्रेमध्ये, हिरवी हेल्थची, निळी एन्ड्युरन्सची, ती उचलून टीम विंडोमधल्या बहिणीच्या नावावर नेऊन सोड, तिला मिळते. पडली असेल तर अवेकन, पडलेल्याला उठवणारं इन्स्पिरेशन, पण तसंच देता येते. म्हणजे तुझ्याजवळ काहीच नाही असं नाही.

दुसरं, ब्लास्टरचा डिफायन्स. तुला शत्रूनं होल्ड केलं, स्टन केलं तरी प्रायमरीच्या पहिल्या दोन आणि सेकंडरीची पहिली पॉवर चालूच राहतात. बाकीचे हातपाय बांधल्यासारखे उभे असतात तेव्हा ब्लास्टर मारत असतो, आणि प्रत्येक हल्ल्यागणिक तुझं डॅमेज थोड्या वेळासाठी वाढत पण जाते. पुढं सेकंडरीमध्ये हेल्थ आणि एन्ड्युरन्स भरून काढणारी एक पॉवर येते, ती घेतल्यावर ब्लास्टर खूपच टिकाऊ होतो. फायरचा ब्लास्टर सुरुवातीला काचेसारखा असतो म्हणून लोक सोडतात आणि नेमकी मजा सुरू व्हायच्या आधी सोडतात. टँकरनं घोळका गोळा केला की एका फायरबॉलमध्ये सगळे अर्धे होतात, ते दृश्य पाहायला मी अजूनही दर शनिवारी बसतो.

पण खरं सांगू, तुझी पोस्ट दोनदा वाचली, त्यात तू मारलेल्या एकाही शत्रूबद्दल लिहिलं नाहीस.

---

धरमपेठ_डार्क

वरच्या शेवटच्या ओळीला माझं पूर्ण अनुमोदन. क्लास निवडताना लोक डॅमेजचे तक्ते बघतात, पण मला वाटतं बघायची गोष्ट एकच, लढाई चालू असताना तुझे डोळे आपोआप कुठे जातात. बहिणीचे शत्रूकडे जातात, ती स्क्रॅपर. तुझे टीम विंडोकडे जातात, तर तू सपोर्ट आहेस, आणि या गेममध्ये सपोर्ट म्हणजे जे काही आहे ते दुसऱ्या कुठल्याच ऑनलाइन गेममध्ये मी पाहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खालचं सोडून दे.

पहिली गोष्ट, हीलर व्हायचंय हे डोक्यातून काढ. एम्पथी वाईट नाही, फॉर्टिट्यूड आणि अ‍ॅड्रेनलिन बूस्ट या तर फार सुंदर पॉवर आहेत, आणि त्या दोन्हीत मोठा भाग हीलिंगचा नसून बफचा, म्हणजे साथीदाराची ताकद वाढवण्याचा आहे, हेच लक्षात घ्यायचंय. दुसऱ्या गेममधून येणारे लोक हिरवी पट्टी खाली गेली की वर आणायची एवढंच काम समजतात. इथं चांगला डिफेंडर पट्टी खाली जाऊच देत नाही.

हे कसं ते आकड्यात सांगते. तुझ्याच लेव्हलच्या साध्या शत्रूचा तुझ्यावरचा वार लागायची शक्यता मुळात ५० टक्के असते. डिफेन्स त्यातून सरळ वजा होतो, आणि कितीही डिफेन्स वाढवला तरी ५ टक्क्यांच्या खाली शक्यता जात नाही. म्हणून सगळे ४५ टक्के डिफेन्सच्या मागे असतात, त्यालाच सॉफ्ट कॅप म्हणतात. आता गंमत बघ, कोणाचा डिफेन्स ४० आहे तर शंभरातले १० वार लागतात, तू अजून ५ टक्के दिलास की ५ लागतात, म्हणजे शेवटच्या त्या पाच टक्क्यांनी मार अर्धा केला! शून्यावरून पाचवर नेलं असतं तर ५० चे ४५ झाले असते, काही कळलंही नसतं. म्हणून फोर्स फील्डवाला डिफेंडर टीमवर दोन ढाली चढवून मधे बबल लावून उभा राहिला की हीलिंग नावाचं काम जवळजवळ उरत नाही. आणि तोच हिशोब उलटा पण चालतो, डार्क मायझ्मा किंवा रेडिएशन एमिशन शत्रूची अचूकता कमी करतात, म्हणजे न लागणारे वार दोन्हीकडून वाढवता येतात.

रेझिस्टन्स वेगळं. तिथं वार लागतो पण कमी लागतो. तुझा भाऊ टँकर आहे, त्याच्या रेझिस्टन्सची कमाल मर्यादा ९० टक्के, बहिणीच्या स्क्रॅपरची ७५. ऐकायला फरक १५ चा वाटतो, पण मर्यादेला पोचल्यावर १०० चा वार भावाला १० चा लागतो आणि बहिणीला २५ चा, अडीच पट झाला! त्यात टँकरची हेल्थ पण जास्त. म्हणून घोळक्यात बहीण पडते आणि भाऊ उभा राहतो, यात तिचं खेळणं चुकतंय असं काही नाही.

आता डिफेंडर, कंट्रोलर आणि करप्टर यात काय घ्यायचं. सपोर्टचे सेट तिघांना जवळपास तेच मिळतात पण कोणाला प्रायमरी म्हणून आणि कोणाला सेकंडरी म्हणून, आणि सगळा फरक तिथंच आहे. डिफेंडरला सपोर्ट प्रायमरी, त्याचे आकडे मोठे आणि पॉवर लवकर मिळतात. करप्टरला ब्लास्ट प्रायमरी, सपोर्ट सेकंडरी, आणि त्याचा स्कर्ज असा की शत्रूची हेल्थ जितकी कमी तितकी दुप्पट डॅमेज लागायची शक्यता जास्त. कंट्रोलरला शत्रूला जागच्या जागी बांधून ठेवायचं काम प्रायमरी, आणि बांधलेल्यावर कंटेनमेंटमुळे दुप्पट डॅमेज.

तुझ्या टीममध्ये मारायला बहीण आहे, मार खायला भाऊ आहे. तिसऱ्यानं या दोघांना मोठं करावं. मी असते तर डिफेंडर घेतला असता, रेडिएशन एमिशन आणि सोबत सॉनिक अटॅक. रेडिएशनमध्ये टीमसाठी रेडियंट ऑरा आहे, म्हणजे तुझा हीलिंगचा हट्ट पण पुरा होईल. अ‍ॅक्सिलरेट मेटाबॉलिझम सगळ्यांचा वेग, डॅमेज आणि एन्ड्युरन्स वाढवतो, भावाची निळी पट्टी संपायची कटकट तिथंच मिटते. एनर्व्हेटिंग फील्ड शत्रूचं रेझिस्टन्स डिफेंडरच्या हातून ३० टक्क्यांच्या आसपास खाली आणतं, म्हणजे बहिणीचा १०० चा वार १३० चा होतो आणि भावाचाही होतो आणि तुझाही. त्यावर सॉनिकचे हल्ले रेझिस्टन्स अजून पाडतात. तू एकट्यानं केवढं मारतोस हे कोणी मोजणार नाही, पण तू नसलास तर त्या दोघांना लगेच कळेल.

---

महालचे_तात्या

टँकर खेळणारा माणूस आहे मी, अमरावतीच्या चिरंजीवांसाठी थोडं लिहितो, कारण सपोर्ट कितीही चांगला असला तरी टँकरला घोळका नीट बांधता आला नाही तर त्याचा उपयोग होत नाही.

एका माणसामागे एका वेळी १७ शत्रू लागतात, त्याहून जास्त नाही. अठरावा जो आहे तो दुसऱ्या कोणाकडे तरी जाणार, आणि तो बहुतेक बहिणीकडे जाणार. म्हणून दोन घोळके एकत्र ओढायची हाव तिघांच्या टीममध्ये करू नये. दुसरं, मैदानात उभं राहून टाँट (शत्रूला आपल्याकडे ओढणारी पॉवर) मारू नये. टाँट मारायचा आणि भिंतीच्या कोपऱ्यामागे जाऊन उभं राहायचं. बंदुकवाल्यांना तुम्ही दिसत नाही, म्हणून ते चालत चालत तुमच्याजवळ येतात आणि सगळे एका जागी गोळा होतात. तिथं मग बहिणाबाईंनी तलवारी फिरवाव्या. टँकरच्या प्रत्येक हल्ल्यातच गाँटलेट असतो, आजूबाजूच्यांना तो आपल्याकडे ओढतो, तेव्हा नुसतं टाँटचं बटण धरून बसायचं नाही, मारतही राहायचं. होमकमिंगवाल्यांनी टँकरचं डॅमेज जुन्या काळापेक्षा वाढवलं आहे, त्यामुळे पोरांना आता टँकर कंटाळवाणा वाटायचं कारण नाही.

सुपर स्ट्रेंथमध्ये फूट स्टॉम्प आला की त्याला सांगा, त्याच्यासाठीच हा सेट घेतात.

---

मानेवाडा_मास्क

बाप्पा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तात्या, भावाला तुमची पोस्ट जशीच्या तशी पाठवली, तो म्हणे कोपऱ्याचं आजच करून पाहतो. बहिणीला ७५ आणि ९० चं वाचून दाखवलं, तिला फार बरं वाटलं.

डार्क ताई, रेडिएशनचं पटलं. पण दोन शंका आहेत. एक, एकट्यानं खेळताना काय? बहिणीचे क्लास सुरू झाले की ती फक्त रात्री येईल, आणि भावाकडे तर संध्याकाळी कधी कधी लाईन जाते. दुसरी, कंट्रोलरबद्दल तुम्ही कमी लिहिलं, आणि मला व्हिडिओ पाहून ते शत्रूला बर्फात गोठवायचं फार भारी वाटून राहिलं.

---

रेशीमबाग_रोबोट

एकट्यानंच खेळायचं असेल तर मास्टरमाइंडचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? मी दुसरं काही खेळतच नाही. तुझ्याजवळ स्वतःची माणसं असतात, पूर्ण वाढल्यावर सहा, तीन छोटे, दोन मधले आणि एक मोठा. रोबोट घे, ठग घे, निन्जा घे, झोंबी घे, राक्षस घे. सेकंडरीमध्ये तुझा तोच सपोर्ट असतो, म्हणजे ज्याला टीमच्या पट्ट्या सांभाळायला आवडतात त्याला बहीण-भाऊ नसतानाही सांभाळायला टीम असतेच, हे मला या क्लासमध्ये सगळ्यात जास्त आवडतं. आणि बॉडीगार्ड मोड म्हणजे तर काय सांगू, माणसांना डिफेन्सिव्ह आणि फॉलोवर ठेवलं की तुझ्यावर पडलेला मार सगळ्यांत वाटला जातो, मोठा बॉस समोर असला तरी मालक आरामात उभा.

आधी हा क्लास फक्त व्हिलनकडे होता, २००५ मध्ये सिटी ऑफ व्हिलन्स आलं त्याच्यासोबत ब्रूट, स्टॉकर, करप्टर, डॉमिनेटर आणि मास्टरमाइंड असे पाच आले. होमकमिंगवर आता कोणताही क्लास हिरो म्हणून सुरू करता येतो, तेव्हा व्हिलन व्हावं लागेल म्हणून कोणी थांबू नका.

---

धरमपेठ_डार्क

मास्टरमाइंड एकट्याला उत्तमच, पण या टीमला मी सुचवणार नाही. गुहांच्या आणि ऑफिसच्या अरुंद मिशनमध्ये सहा जण दारात उभे राहतात, स्क्रॅपरला पुढं जायला जागा राहत नाही, आणि ही बहीण थांबणारी नाही. शिवाय सपोर्टचे आकडे मास्टरमाइंडच्या हातून डिफेंडरपेक्षा लहान लागतात.

मास्क, तुझ्या शंका. एकटा डिफेंडर हळू असतो, पण अडत नाही. व्हिजिलन्समुळे एकटा असताना डिफेंडरला वरून डॅमेज मिळतं, टीम मोठी होते तसं ते कमी होतं. रेडिएशन-सॉनिकमध्ये तर शत्रूच इतका मऊ करून ठेवतोस की तुझे छोटे हल्ले पुरतात. मिशनची अवघडाई आपल्या हातात असते, एकटा असताना खाली ठेव, तिघं असताना वाढवा. आणि लेव्हल मागे-पुढे झाली म्हणून घाबरायचं कारण नाही, टीममध्ये आलं की गेम आपोआप सगळ्यांना मिशनच्या लेव्हलच्या जवळ आणतो, २००९ पासून तशी सोय आहे, तू २० वर आणि बहीण ११ वर असली तरी सोबत खेळता येईल.

आता गोठवायचं. कंट्रोलर मी मुद्दाम थोडक्यात आटपला, कारण तो समजून घेतला नाही तर पहिल्याच बॉसपाशी मन खट्टू होतं. होल्डला एक ताकद असते, तिला मॅग्निट्यूड म्हणतात. साध्या होल्डची ३. मिनियन म्हणजे साधा शत्रू, त्याचा बचाव १, त्याच्यावरच्या लेफ्टनंटचा २, म्हणून हे दोघं एका होल्डमध्ये अडकतात. बॉसचा बचाव ३ असतो, आणि अडकवायला बचावापेक्षा जास्त ताकद लागते, तीनला तीन पुरत नाही. तेव्हा पहिला होल्ड उतरायच्या आत दुसरा मारायचा, मग सहा होतात आणि बॉस थिजतो. हे ज्याला कळलं तो कंट्रोलर राजा. डॉमिनेटरला हेच डॉमिनेशन भरल्यावर एका फटक्यात मिळतं, त्याची ताकद दुप्पट होते, पण त्याच्याकडे टीमसाठी सपोर्ट नाही, त्याची सेकंडरी मारामारीची आहे.

आइस कंट्रोल दिसायला छान आहेच. पण कंट्रोलर घ्यायचाच असेल तर इल्यूजन आणि रेडिएशन या जोडीचं नाव जुने लोक फार आदरानं घेतात, फँटम आर्मी नावाची मायावी माणसं पुढं पाठवायची, शत्रू त्यांना मारत बसतात आणि त्यांना काही होतच नाही. फक्त सुरुवातीच्या लेव्हल कंट्रोलरला जड जातात, डॅमेज फार कमी असतं आणि सपोर्टच्या पॉवर डिफेंडरपेक्षा उशिरा हातात येतात. तुझ्या बहिणीचा वेग बघता ती तेवढी थांबेल असं वाटत नाही.

---

बर्डी_ब्लास्टर

सर्व्हरचं राहून गेलं म्हणून लिहितो. होमकमिंगचे टॉर्चबेअरर, एक्सेलसियर, एव्हरलास्टिंग आणि इंडोमिटेबल हे सगळे उत्तर अमेरिकेत आहेत, रियुनियन एकटा युरोपात. नागपूरहून युरोप जवळ, तेव्हा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, तिथं कमी येते, फरक जाणवतो. पण रियुनियनवर गर्दी कमी. तिघंच मिळून खेळणार असाल तर रियुनियन घ्या, बाहेरच्या लोकांच्या मोठ्या टीममध्ये, आठ जणांच्या टास्क फोर्समध्ये (एकामागून एक मिशनची लांब मोहीम) जायचं असेल तर एक्सेलसियर किंवा एव्हरलास्टिंगवर माणसं जास्त भेटतात. हल्ला अर्धा सेकंद उशिरा झाला तरी या गेममध्ये तसं बिघडत नाही, निशाणा धरून मारायचा गेम नाही हा.

वेळेचं गणित पण सांगतो. आपली रात्र म्हणजे अमेरिकेत सकाळ, लोक कामावर, सर्व्हर शांत. आपली शनिवारी आणि रविवारी सकाळची सहा-सात वाजताची वेळ म्हणजे त्यांची शुक्रवार-शनिवारची रात्र, तेव्हा टीमची रेलचेल असते. उन्हाळ्यात तसंही पहाटे लवकर जाग येते, कूलर बंद करा, पोहे येईपर्यंत एक टास्क फोर्स होऊन जाते.

लाईन जायचं म्हणशील तर टास्क फोर्सच्या मधात कोणी डिसकनेक्ट झाला तरी परत लॉगिन केल्यावर तो त्याच टास्क फोर्समध्ये असतो, भावाला सांग घाबरू नको. राउटर मात्र इन्व्हर्टरवर घे म्हणावं, लॅपटॉपची बॅटरी असते, राउटरची नसते.

---

मानेवाडा_मास्क

रियुनियनवर तिघांनीही नवीन कॅरेक्टर काढले. रेडिएशन-सॉनिक डिफेंडर झाला माझा, नारिंगी सूट, संत्र्याच्या रंगाचा. तिघं मिळून डेथ फ्रॉम बिलो ही सुरुवातीच्या लेव्हलची मोहीम केली आणि काय फरक पडला म्हणून सांगू, मी रेडिएशन इन्फेक्शन लावलं की शत्रूचे वार हवेत जातात, बहीण आत घुसते आणि तशीच हसत बाहेर येते. मला ही खेळायची पद्धत मनापासून आवडली. हा पूर्ण वेळ मी नजर टीम विंडोवरच ठेवून होतो आणि आता पाहून करायला काहीतरी आहे!

फक्त एक अडचण. रेडिएशन इन्फेक्शन मी एका शत्रूवर लावतो आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना ते लागते, इथपर्यंत बरोबर. पण बहीण नेमकी त्यालाच पहिले मारते आणि सगळं उतरून जाते, मग परत लावेपर्यंत सगळे मोकळे. तिला म्हटलं तर म्हणते मला कसं कळणार कोणता तुझा.

---

धरमपेठ_डार्क

संत्र्याचा सूट! फार छान.

त्याला अँकर म्हणतात आणि प्रत्येक रेडिएशनवाल्याच्या टीममध्ये हे भांडण होतं. अँकर मेला की टॉगल, म्हणजे चालू करून ठेवायची पॉवर, पडतं, हा नियम आहे, त्याला इलाज नाही. पण उपाय पुष्कळ. सगळ्यात कमकुवत मिनियनला कधीच अँकर करू नकोस, तो बहिणीच्या पहिल्याच वारात जाणार. बॉस असेल तर बॉस, नसेल तर लेफ्टनंट, तोही भावाला चिकटलेला, कारण भाऊ आहे तिथंच घोळका असणार आणि तुझ्या डिबफचं (शत्रूला कमजोर करणाऱ्या परिणामाचं) वर्तुळ त्या शत्रूभोवती फिरतं.

बहिणीला कळावं म्हणून टीममध्ये एक साधं ठरवून टाका, जो सगळ्यात मोठा तो शेवटी मारायचा. तसंही छोटे आधी कमी केले की मार कमी होतो, तेव्हा तिच्याही फायद्याचं आहे. आणि तात्यांनी सांगितलेला कोपरा इथं पण कामाला येतो. अँकर लावून तूच भिंतीआड जा, अँकर आणि त्याच्यासोबतचे सगळे तुझ्या मागे येतात, येता येता त्यांचे वार चुकत असतात, आणि कोपऱ्यावर भाऊ उभाच असतो. ही युक्ती टँकर नसताना एकट्यानं खेळतानाही वापर, रेडिएशनवाल्याचं एकट्याचं निम्मं खेळणं हेच आहे.

इन्फेक्शन एकावर आणि एनर्व्हेटिंग फील्ड दुसऱ्यावर असंही करता येतं, एक मेला तरी दुसरं चालू राहतं. दोन्ही टॉगल एन्ड्युरन्स खातात, तेव्हा पहिल्या एनहान्समेंट, म्हणजे पॉवर सुधारायच्या जोडण्या, त्यांच्यातच एन्ड्युरन्स कमी करणाऱ्या घाल, आणि अ‍ॅक्सिलरेट मेटाबॉलिझममध्ये रिचार्जच्या, म्हणजे ती लवकर परत वापरता येईल.

---

महालचे_तात्या

आणि अ‍ॅक्सिलरेट मेटाबॉलिझम सोडताना दोघं जवळ आहेत का ते बघून सोडत जा, लांब असलेल्याला मिळत नाही. भाऊ कोपऱ्यावर थांबला की तेव्हाच दाबायचं, बहीण धावायच्या आत.

---

मानेवाडा_मास्क

हौ तात्या, तेच होऊन राहिलं होतं, ती आधीच पुढं असते. आज रात्री टीम चॅटवर "गोळा व्हा" असं लिहून मग दाबतो. मोठा शेवटी मारायचा हे बहिणीनं कबूल केलं, अट एवढीच की बॉस तिच्यासाठी ठेवायचा.